टेलरबाईंची बातमी कुणी फोडली

टेलरबाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल होतं, आणि त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट बसलेला असायचा. दुकान म्हणजे रस्त्याच्या अंगाची एक खोली. पुढं काउंटर, मागं दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा ओढून केलेली माप घ्यायची जागा आणि खिडकीपाशी यजमानांचं इस्त्रीचं टेबल. बाई शिवायच्या, यजमान इस्त्री करायचे. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. दोघांत मिळून फोनही एकच. तो काउंटरवर पडलेला असायचा आणि ज्याचा हात मोकळा असेल तो उचलायचा.

बाईंच्या मापाच्या वहीत अख्ख्या वस्तीचं अंग लिहिलेलं होतं. कुणाला दिवस गेलेत हे घरच्यांच्या आधी बाईंना टेपवर कळायचं. कुणाचं वजन भराभरा उतरतंय, कुणाच्या दंडावर वळ आहेत, कुणाला ड्रेसच्या एकाच बाजूला आतून गादी बसवून हवीय, सगळं त्यांना ठाऊक. पण पडद्याबाहेर एक अक्षर जात नसे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी गोड आवाजात विचारलं, "सूनबाईंची कंबर वाढलीय का हो?" बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "तुमची वाढलीय. अर्धा इंच." सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तर अशा या बाईंना एका सकाळी अंघोळ करताना छातीत गाठ लागली.

डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आणि लॅबमध्ये पाठवलं. सुईनं थोडा भाग काढून तपासायचा, शुक्रवारी रिपोर्ट. बाईंनी घरी चकार शब्द काढला नाही. त्याला कारण होतं. यजमानांची थोरली बहीण याच दुखण्यानं गेली होती आणि शेवटचे सात महिने तिचं सगळं यजमानांनीच केलं होतं. नुसत्या शंकेवर माणसाला त्या विहिरीत पुन्हा ढकलायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. शुक्रवारी काही वाईट निघालंच, तर दुकान लवकर बंद करायचं, दोघांचा चहा टाकायचा, त्यांना स्टुलावर बसवायचं आणि मग सांगायचं. शब्दसुद्धा ठरले होते. "घाबरू नका" असं मुळीच म्हणायचं नाही, कारण ते म्हटलं की ते जास्तच घाबरतात.

लॅबमध्ये काउंटरवरच्या बाईनं फॉर्म पुढं सरकवला. "इथं सही, इथं फोन नंबर."

"फोन आमच्या दोघांत एक आहे," टेलरबाई म्हणाल्या. "यावर फोन करू नका. मी स्वतः येईन."

"आम्ही कुणालाच फोन करत नाही," ती म्हणाली. ते अगदी खरं होतं. लॅबनं फोन केलाच नाही.

बुधवारी बाई पडद्याआड एका मुलीच्या खांद्याचं माप घेत होत्या. फोन वाजला. यजमानांनी इस्त्री टेकवली आणि उचलला. पलीकडून मधाळ आवाज: आपल्या घरातल्या पेशंटच्या उपचारात केस जाणार, तर आमच्याकडे खऱ्या केसांचे टोप मिळतात, माणूस घरी येऊन डोक्याचं माप घेऊन जाईल. यजमान म्हणाले, "राँग नंबर." तेव्हा त्या आवाजानं बाईंचं पूर्ण नाव सांगितलं. वय सांगितलं. कोणत्या लॅबमध्ये कसली तपासणी झाली तेही सांगितलं.

बाईंना आधी जळका वास आला. त्या बाहेर धावल्या. इस्त्री एका शर्टावर तशीच होती, कॉलर काळी पडली होती, आणि यजमान फोन हातात धरून उभे होते.

"तुला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

ओरडले असते तर परवडलं असतं. पण ते लहान मुलानं विचारावं तसं विचारत होते. बाईंनी काय काय ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडाला येईना.

ते दोन दिवस कसे गेले ते त्या दोघांनाच माहीत. यजमान जेवायला बसत आणि ताट तसंच सारून उठत. गुरुवारी ते एकदाच बोलले. "टोप विकणाऱ्याला माहीत. मला नाही."

"अहो, शुक्रवारी सांगणार होते."

"त्याला बुधवारीच सांगितलंस?"

गुरुवारीच आणखी दोघांचे फोन आले. एक विमेवाला आणि एक कसल्याशा गोळ्या विकणारा, तो तर "ताई, हिंमत सोडू नका" म्हणाला. बाईंनी फोन कापला आणि मशिनवर बसल्या, पण सुईत दोरा जाईना.

शुक्रवारी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. लॅबमधले डॉक्टर म्हणाले, काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा. यजमान लॅबच्या पायरीवर मटकन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडले. बाई हसल्या, डोळे पुसले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांचं लक्ष त्या पाठीकडं गेलं. दोन दिवसांत पाठ अशी वाकली होती, जशी बहिणीच्या वेळी सात महिन्यांत वाकली होती. आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही बसा इथंच," त्या म्हणाल्या आणि उलट्या पावली आत गेल्या.

मॅनेजर तरतरीत माणूस होता. "अभिनंदन मॅडम! रिपोर्ट नॉर्मल!"

"माझा नंबर टोपवाल्याला कुणी दिला?"

"छे, आम्ही कुणाला काही देत नाही."

"मग त्याला काय स्वप्न पडलं?"

मॅनेजरनं फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि खालच्या कडेला बोट टेकवलं. खसखशीएवढ्या अक्षरांत अकरा ओळी. "सही तुमचीच आहे ना?"

बाईंनी सुई ओवायचा चष्मा लावला आणि तिथंच, रांगेत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागल्या. "'रुग्णाच्या हितासाठी माझी माहिती निवडक सहकाऱ्यांना देण्यास माझी संमती आहे.' टोपवाला तुमचा सहकारी? तो काय रक्त काढतो का?"

रांगेत कुणीतरी हसलं. मॅनेजरचा चेहरा आंबट झाला. "मॅडम, चांगली बातमी घेऊन आनंदानं घरी जा. झालं काय एवढं?"

झालं काय एवढं! पुढच्या आठवड्यात बाईंनी हे चार तोंडांतून ऐकलं. त्यांची स्वतःची थोरली बहीण म्हणाली, सुटलीस ना, मग कशाला उकरतेस. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, हल्ली सगळ्यांचंच सगळं सगळ्यांना माहीत असतं. "माझ्या दुकानात नसतं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या तोंडावर पडदा ओढला. रागाचं एक असतं, माणसं शांत हो म्हणाली की तो आणखी तापतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी दुपारी ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या जात. ऐकणाऱ्या म्हणजे निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना गणितबाई म्हणत. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. "एकट्याची तक्रार ग्राहक कार्यालयवाले फाइलमध्ये घालून विसरतात," त्या म्हणाल्या. "दहाजण तरी हवेत. तुमच्याकडे मापाची वही आहे ना? कोणाकोणाच्या तपासण्या झाल्या असतील ते तुम्हाला त्यावरून कळतच असणार. सरळ फोन लावा एकेकीला."

टेलरबाई ताडकन उठल्या. "त्या लॅबवाल्यांनी दुसरं काय केलं हो? माझी माहिती एका कामाला घेतली आणि दुसऱ्या कामाला वापरली. चांगल्या हेतूनं म्हणे! आता तेच मी करू?"

गणितबाईंनी चष्मा काढून पुसला. "चुकले मी," त्या म्हणाल्या. "बसा."

मग बाईंनी स्वतःच्या हातानं एक कागद लिहिला. माझ्या छातीत गाठ होती, अमुक लॅबमध्ये तपासणी केली, तिसऱ्या दिवशी टोप विकणाऱ्याचा फोन घरी आला. तुम्हालाही असे फोन आले असतील तर मंगळवारी वाचनालयात या, आजार काय ते सांगायची गरज नाही. खाली सही. यजमानांनी तो कागद वाचला.

"दुकानाच्या काचेवर लावणार? सगळ्या वस्तीला कळेल."

"कळू दे. या वेळी मी सांगतेय."

चिकटपट्टी यजमानांनीच कापून दिली.

पहिल्या मंगळवारी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. गुरुवारी मात्र लॅबचा माणूस दुकानात आला. कागद काढून टाका, म्हणाला. बदल्यात दोघांची डोक्यापासून पायापर्यंत सगळी तपासणी फुकट करून देऊ.

"म्हणजे उरलेली माहितीही तुम्हालाच द्यायची?" बाई म्हणाल्या. यजमान इस्त्री हातात घेऊन टेबलामागून बाहेर आले, तसा तो माणूस निघून गेला.

दुसऱ्या मंगळवारी एक बसचा ड्रायव्हर आला. त्याच्या साखरेच्या तपासणीची खबर लॅबबाहेर गेली होती आणि आता त्याच्या डेपोच्या फोनवर इन्शुलिनच्या जाहिराती येत होत्या. साहेब त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते. मग एक नवरा-बायको आले. बायकोचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं, पण यादीत ते वाढतच राहिलं. आधी पाळणेवाल्यांचे फोन, मग दुधाच्या डब्यांचे, आणि नवव्या महिन्यात "अभिनंदन" म्हणून रंगीत कार्ड घरी. ते सांगताना ती बाई रडली नाही. दात आवळून एकेक शब्द बोलली. गणितबाईंच्या हातातलं पेन थांबलं. टेलरबाईंना वाटलं, ते कार्ड छापणाऱ्याला इथं आणून बसवावं आणि हे ऐकवावं.

महिन्याभरात चौदाजण झाले. आणि एक दिवस दुकानात लॅबच्या काउंटरवरची बाई आली. हातात स्कर्ट, उंची कमी करायला. पडद्याआड गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "दर सोमवारी यादी जाते. नाव, वय, पत्ता, नंबर, तपासणी. मीच पाठवते."

टेलरबाईंच्या हातातली टेप घट्ट झाली. "आणि मला म्हणालात, कुणाला फोन करत नाही!"

"करत नव्हतेच. यादी पाठवत होते." तिनं मान खाली घातली. "मागच्या एका सोमवारी यादीत माझ्या आईचं नाव होतं. तेही पाठवलं मी. मॅनेजर मागंच उभा होता."

बाईंना तिचा राग आला, कीवही आली. तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. मॅनेजरच्या सहीचा हुकूम होता, यादी कधी, कुणाकुणाला आणि किती पैशांत पाठवायची त्याचा. पेशंटचं नाव त्यावर एकही नव्हतं. "याद्या नाही आणल्या," ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. ते तिनं बरोबर केलं होतं.

चौदाजणांच्या सह्यांची तक्रार ग्राहक कार्यालयात गेली. तिथल्या सुनावणीच्या खोलीत लॅबचा वकील उभा राहिला आणि हसत म्हणाला, "तक्रारदाराचं नुकसान काय झालं? रिपोर्ट तर चांगला आला!"

टेलरबाईंना गणितबाईंनी शांतपणे बोलायला पढवून आणलं होतं. ते सगळं त्या विसरल्या. "साहेब, गाठ साधी निघाली ते माझ्या शरीराचं नशीब. यांचा त्यात काय हात? माझ्या माणसाला ही गोष्ट मी सांगणार होते. कशी, कधी, कुठं बसवून, ते मी ठरवलं होतं. यांनी ती परस्पर विकली. माझा नवरा दोन दिवस मला जिवंतपणी पुरत होता. ते दोन दिवस कोण भरून देणार? हे?"

वकील म्हणाला, "विकली, याला पुरावा काय?" तेव्हा मागच्या बाकावरून काउंटरवरची बाई उठली.

निकाल लागला तो असा: यादी बंद. संमतीचा कागद वेगळा, मोठ्या अक्षरांत, आणि नाही म्हटलं तरी तपासणी करून द्यायची. चौदाजणांना माफीचं पत्र. दंडही झाला, पण इतका किरकोळ की गणितबाई तो ऐकून फक्त "हं" म्हणाल्या. ज्यांनी याद्या विकत घेतल्या होत्या, ते या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत, असं साहेबांनी सांगितलं. गेलेली नावं परत आणता येत नाहीत, हे कुणी सांगायची गरज नव्हती. काउंटरवरच्या बाईची नोकरी गेली. तिला दुसरीकडं काम मिळेपर्यंत बाईंनी काज-बटणांवर बसवलं.

माफीचं पत्र बाईंनी वाचलं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल." गैरसोय! त्यांनी ते पत्र टरकावलं. यजमान त्यानंतर कितीतरी महिने, बाईंना अंघोळीला जरा उशीर झाला की दाराबाहेरून विचारायचे, "काही सांगायचं नाही ना?" प्रत्येक वेळी बाई "नाही हो" म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना त्या मॅनेजरचा नव्यानं राग यायचा.

तो राग त्यांनी विझू दिला नाही. आता मंगळवारी गणितबाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची असते. परवा एक गृहस्थ आले, मुलीला पोहायला घालायचं होतं. तलावाच्या फॉर्ममध्ये आईवडिलांचे आजार विचारले होते, घरात कोण कुठं नोकरीला आहे ते विचारलं होतं, आणि पाचही बोटांचे ठसे मागितले होते.

"भरून टाकू का?" गृहस्थ म्हणाले. "सगळेच भरतात."

टेलरबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग मागची बाजूही वाचली. "पोहायला पाणी लागतं," त्या म्हणाल्या. "बापाची नोकरी कशाला लागते?" त्यांनी पर्स उचलली. "तलावाचं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"पाच."

"मग चला, अजून तासभर आहे."