नातेवाइकाची सही

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी त्यांना तोंडावर नाही म्हणाले.

चार वर्षं झाली त्याला. डिसेंबरचा रविवार होता. मोहालीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जरा ऊन आलं होतं म्हणून मी तिथेच मेथी निवडत बसले होते. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहायचे. ते आतून आले, मेथीच्या जुडीशेजारी एक कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाले, "संपदा, खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते." मला वाटलं बँकेचं काहीतरी असेल. वाचलं तर देहदानाचा अर्ज. मेल्यावर देह मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला द्यायचा, पोरांना शिकायला. ज्या विभागात त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली, त्याच विभागाला.

"मी नाही करणार सही," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले, कागदाची घडी घातली आणि आत गेले. कारणसुद्धा विचारलं नाही. आमच्या बाबांचं हे असंच. आरडाओरडा करणारा बाप परवडला यार, त्याच्याशी भांडता तरी येतं. ह्यांचं सगळं एका "बरं"मध्ये आटपायचं आणि आपण बसायचं मग दिवसभर धुमसत.

आम्ही मूळचे मिरजेचे. मी सहा वर्षांची होते तेव्हा बाबांना इथे, शेजारच्या चंदीगडला, नोकरी लागली. दिगंबर, टेक्निशियन, डिसेक्शन हॉल. म्हणजे पहिल्या वर्षाची डॉक्टरकीची पोरं ज्या मृतदेहांवर शिकतात, ते देह नीट टिकवून ठेवायचे, टेबलावर घ्यायचे, झाकायचे, शेवटी नीट पोचवायचे. फॉर्मलिन नावाचं औषध वापरतात देह टिकवायला. त्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं आणि तो कपड्यांना, केसांना, नखांना धरून बसतो.

आणि मला होता दमा. इथल्या थंडीत तर छातीतून अशी शिट्टी वाजायची की आई रात्रभर मला उभी धरून बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिला उग्र वासापासून जपा. झालं. बाबा कॉलेजात अंघोळ करून यायचे, घरी आल्यावर पुन्हा करायचे, आणि तरीही मी धावत गेले की तळहात पुढे करायचे. "लांब. हात लावू नकोस." माझ्या लहानपणातलं बाबांचं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हे.

तरी ते दिवस आठवले की जीव हळवा होतो, खोटं कशाला बोलू. सेक्टर सत्तेचाळीसमधलं ते छोटं सरकारी क्वार्टर, पुढे हातभर हिरवळ. थंडीत आख्खी कॉलनी खाटा बाहेर काढून उन्हात पडलेली असायची. शेजारच्या आंटी सरसोंचं साग पाठवायच्या आणि आई त्याच वाटीतून मिरजेहून आलेलं भडंग परत पाठवायची, कारण रिकामी वाटी परत करायची नसते. बाबा एका कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. चपला एका रेषेत हव्यात, जेवताना हसायचं नाही, पावणेसहाला उठायचं. रविवारी सुखना तलावावर फिरायला न्यायचे, तर पुढे बाबा, मग दहा पावलांवर आई आणि तिचं बोट धरून मी. लोकांना वाटत असेल, हा माणूस एकटाच आलाय. पण आम्ही वळणावर मागे राहिलो की ते थांबायचे. मागे वळून बघायचे नाहीत, नुसते थांबायचे.

दमा नवव्या वर्षी गेला. तळहात काही खाली आला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. आई म्हणायची, "अगं, त्यांना सवय झाली आता." मला तेव्हा तिडीक जायची, अजूनही जाते. सवय झाली म्हणजे काय? बाप आहे की दरवाजा?

त्यात शाळेतलं प्रकरण झालं. सातवीत असेन. पोरांना कुठून तरी कळलं की माझे बाबा काय करतात, आणि माझं नाव पडलं 'मुर्देवाले अंकल की बेटी'. माझ्या डब्याला कुणी हात लावेना. मग वर्ग बदलला तेव्हा मी नव्या मॅडमना ठोकून दिलं की बाबा डॉक्टर आहेत. पालकसभेला मॅडम हसत पुढे आल्या, "आइए डॉक्टर साहब." बाबांनी शांतपणे सांगितलं, "मैं डॉक्टर नहीं हूँ जी. डिसेक्शन हॉल में टेक्निशियन हूँ." सगळ्या वर्गासमोर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी दारात स्कूटरवरून उतरल्यावर म्हणाले, "जे नाही ते सांगायचं नाही," आणि अंघोळीला गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले, आणि ते तर आधीपासूनच कामापुरतं बोलत होते. दोघांचं उत्तम जमलं.

बारावीच्या सुट्टीत एकदा ते डबा विसरले म्हणून आईने मला कॉलेजात पिटाळलं. हॉलच्या दाराशी गेले. आत पोरं नव्हती, बाबा एकटेच होते. टेबलावर एक म्हातारा देह होता, त्याला कुशीवर वळवून घेत होते. आणि बोलत होते त्याच्याशी. मराठीत. "हं, जरा सरका आजोबा. झालंच. हात असा घ्या, अवघडेल नाहीतर." चंदीगडच्या कुठल्या तरी फूटपाथवर मेलेला, कुणी न्यायला न आलेला माणूस तो. त्याला काय कळणार मराठी, आणि काय अवघडणार? पण बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून असा अलगद छातीवर ठेवला, की मी डबा तिथेच बाकावर ठेवला आणि निघून आले. बसमध्ये रडले. असा हात माझा कधी धरला नव्हता त्यांनी. तापातसुद्धा नाही.

तर आता कळलं असेल मी सही का केली नाही. लोक म्हणाले, धर्माचं काही असेल, दहावं-तेरावं, पिंडाला कावळा. छे. मला कावळ्याचं काही पडलेलं नव्हतं. मला पोटात दुखत होतं ते वेगळंच. जो माणूस मला जन्मात हाती लागला नाही, तो मेल्यावर शंभर परक्या पोरांच्या हाती जाणार, वर्षभर, रोज. आणि मला त्याची राखसुद्धा मिळणार नाही.

दोन आठवडे आम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून जेवत होतो. शेवटी माझ्याच मुलीने कुलूप फोडलं. इरा तेव्हा नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. जेवताना म्हणाली, "नानू, मम्मा आपके फॉर्म पे साइन क्यूँ नहीं कर रही?"

बाबा म्हणाले, "तिला विचार."

मग मी सांगितलंच. घास ताटात ठेवला आणि बोलले. "त्या पोरांना वर्षभर तुम्हाला हात लावता येणार, बाबा. मला कधी लावू दिलात?"

बाबा जेवायचे थांबले. म्हणाले, "तुला दम लागायचा."

"नवव्या वर्षी थांबला तो."

"माहीत आहे. मार्चमध्ये." त्यांना महिना ठाऊक होता. "मग तू शाळेत मला डॉक्टर केलंस. मला वाटलं, माझ्या कामाची किळस येते पोरीला. हातांची येत असणार. म्हणून मीच लांब राहिलो."

वीस-बावीस वर्षं हा माणूस असं समजून दहा पावलं पुढे चालत होता आणि मी मागून त्याच्या पाठीवर चिडत होते. "किळस नव्हती हो बाबा," मी म्हणाले, "लाज वाटत होती. लहान होते मी." ते "बरं" म्हणाले आणि ताकाची वाटी मागितली. पण वाटी घेताना थोडं ताक सांडलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बाल्कनीत होते. बाबा अंघोळ करून आले, समोर स्टूल ओढलं, माझ्या हातात नेलकटर दिलं आणि पाऊल स्टुलावर ठेवलं. "वाकता येत नाही मला हल्ली. काप." एवढंच. मी पाऊल मांडीवर घेतलं. बापाचं पाऊल किती गार असतं, तळव्याला कुठे भेगा असतात, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. नखं जाडजूड, कडक, एक कापायला पाच मिनिटं. मी मुद्दाम सावकाश कापत होते आणि त्यांना ते कळत होतं. अर्ध्या तासाने म्हणाले, "दहाच आहेत."

मग तो दर रविवारचा कार्यक्रम झाला. नखं काय, आठवड्यात किती वाढणार? पण पाऊल यायचं स्टुलावर. आणि पाऊल आलं की माणूस बोलायचा. घोट्याचं हाड दाखवायचे, सगळं अंग ह्याच्यावर उभं असतं म्हणायचे. हॉलमधल्या त्या आजोबांचं मी विचारलं, तर म्हणाले, "सगळ्यांशी बोलायचो. पोरं पहिल्या दिवशी घाबरतात गं. आपण बोललो की त्यांनाही कळतं, माणूस आहे." आणि मिरजेचं सांगायचे, आई पहिल्यांदा थंडीत इथे उतरली तेव्हा स्टेशनवर कशी रडली ते सांगायचे. आईबद्दल ते बोलू शकतात हेच मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याला, आदित्यला, मी सांगून ठेवलं होतं, रविवारी अकरा ते बारा मला कुठलंही काम सांगायचं नाही.

अर्जाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. वर्षभराने मीच म्हणाले, "आणा तो कागद." लगेच आणला, खिशातच होता की काय कोण जाणे. मी सही केली. त्यांनी चष्मा लावून तपासली आणि म्हणाले, "तारीख राहिली." तारीख घातली. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "हा त्याला जोडायचा. लिही. मृत्यूनंतर माझा देह मुलगी संपदा सांगेल तेव्हाच न्यावा. तोवर कुणी तिला घाई करू नये."

माझं पेन थांबलं. वेळेत न आलेल्या देहावरून बाबा कॉलेजात किती चिडायचे हे आईकडून ऐकलेलं होतं. उन्हाळ्यात चारसहा तास गेले की औषध नीट चढत नाही, देह शिकवण्याच्या कामाचा राहत नाही.

"उशीर झाला तर वाया जाईल ना बाबा?"

"जाईल."

"मग?"

"गेला तर गेला," बाबा म्हणाले. "तू लिही."

बाबा गेले ते गेल्या मे महिन्यात, सकाळी चहा घेऊन पेपर उघडला आणि तिथेच. त्रास झाला नाही. डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. आदित्यने विभागात फोन केला. तासाभरात गुरुनाथ गाडी घेऊन आला. मिरजेचाच पोरगा, बाबांनी हाताखाली तयार केलेला, आता त्यांच्या जागेवर. त्याने तो कागद वाचलेला होता. वर आला, बाबांच्या पायाला हात लावला आणि मला म्हणाला, "ताई, मी खाली बसतो." घड्याळाकडे बघितलं नाही त्याने.

बाहेर त्रेचाळीस डिग्री. मी एसी पूर्ण सोडला, दार लावलं आणि बाबांजवळ बसले. हात धरला. बोटं एकेक उघडून बघितली. डोक्यावरून हात फिरवला, कानामागे एक तीळ होता तो कधी दिसलाच नव्हता. मग त्यांच्या छातीवर डोकं ठेवून पडले, लहान पोरं पडतात तशी. कुणी लांब म्हणालं नाही. मी खूप बोलले त्यांच्याशी. काय बोलले ते सांगणार नाही, ते आमचं आहे. मला उठायचंच नव्हतं. वाटलं, जाऊ दे तो अर्ज. संध्याकाळपर्यंत बसू, उद्यापर्यंत बसू, त्यांनीच तर लिहून दिलंय. गेला तर गेला.

बाबांना जाऊन दोन तास झाले, तीन झाले. इरा हळूच आत आली, माझ्याजवळ टेकली आणि तिने बाबांचा हात उचलून त्यांच्या छातीवर ठेवला. म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "मम्मा, त्यांचा हात अवघडला होता."

मी उठले. तोंड धुतलं. जिना उतरून खाली गेले. गुरुनाथ पायरीवर बसला होता, मला बघून उभा राहिला.

"चल वर," मी म्हणाले. "साडेतीन तास झालेत. अजून उशीर झाला तर रागावतील."