लोसालीनेचं एक वर्ष जास्त

लोसालीने लहान होती. स्वयंपाकाच्या खोपटामागे ती चटईची पानं वाळत घालत होती आणि आत आईचं आणि आत्याचं जुंपलं होतं. झालं एवढंच, की पाहुण्यांना चटई देताना आई म्हणून गेली, "यंदा अशी चटई गावात कुणाची नाही."

"आपल्याच तोंडानं आपलं कौतुक?" सिउलोलो आत्या कडाडली. "'फाटकंतुटकं आणलंय, गोड मानून घ्या' असं म्हणावं माणसानं!"

"आणि समोरच्यानं खरंच फाटकं समजलं तर, वन्सं?"

"समोरच्याला डोळे असतात, बाई."

टोंगातल्या हापाईच्या बेटांवर आत्याचा मान सगळ्यांत मोठा, तिच्यापुढे कुणाचं चाललंय? आई चुलीकडे वळली. आत्याचं बोलणं पोरीनं मात्र जन्मभर पदराला बांधलं.

पुढे लोसालीनेनं चर्चच्या पडवीत बालवाडी चालवली. लग्नाचं जमलं नाही. घरात ती आणि डोळ्यांनी अधू झालेली आई, दोघीच. मग नियम आला, पदविका नसेल तर बालवाडी दुसऱ्या बाईकडे जाईल. पदविका मिळायची राजधानीत, नुकुआलोफाच्या कॉलेजात, दोन वर्षांनी. पण आधी केलेलं काम तोंडी परीक्षेत पटवून दिलं, तर त्यातलं एक वर्ष माफ व्हायचं.

"एकच वर्ष गं," तिनं आईला सांगितलं.

"एक काढीन कसंबसं," आई म्हणाली. "दोनाचं नाव काढू नकोस."

आईला शेजारणीच्या हवाली करून लोसालीने बोटीत बसली.

परीक्षा घेणाऱ्या वायमोआनाबाई टोंगाच्याच. त्यांनी विचारलं, "मुलांना काय काय शिकवलंस?"

"मी कसली शिकवतेय! पोरंच हुशार, आपली आपण शिकली."

"गाणी? गोष्टी?"

"गाणी पाद्रीबाबांची, गोष्टी गावातल्या म्हाताऱ्यांच्या. मी आपली दारात बसायची, कुणी समुद्राकडे पळू नये म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, मीही याच मातीतली. असं का बोलतेस ते कळतंय मला. पण इथं उमेदवारानं स्वतः सांगावं लागतं. मनानं काही धरता येत नाही मला. एकदाच म्हण, 'मी शिकवलं.'"

लोसालीनेचे कान तापले. "देवानं करून घेतलं," ती पुटपुटली.

देवाच्या नावावर कॉलेजात वर्ष माफ होत नसतं.

वर्गातल्या पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि जेवायच्या वेळी आपापल्या घोळक्यात निघून जायच्या. ती मागच्या पायरीवर बसून उकडलेला तारो, अळूसारखा कंद, खायची. तिथून बोटींचा धक्का दिसायचा. शेजारीण कधी फोन लावून द्यायची.

"संपलं का गं?" आईचा एकच प्रश्न.

"संपत आलं."

"मागच्या खेपेलाही आलंच होतं."

दुसऱ्या वर्षी आई गेली. वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या. लोसालीने पोचली तेव्हा पुरून झालं होतं, लोक जेवून घरी गेले होते.

पदविका घेऊन ती परतली. बालवाडी तिचीच राहिली. पोरं आली, मोठी झाली, त्यांची पोरं आली. दुपारी सगळी घरी गेली की तिच्या घरात भांडं पडल्याचासुद्धा आवाज नसे, कारण पाडायला दुसरं कोणी नव्हतं. दर शनिवारी मात्र ती आईकडे जायची.

तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या शनिवारीही गेली. किनाऱ्यावरून पांढरी वाळू टोपलीत भरली. चढणीवर दोनदा थांबली. थडग्यावरची वाळलेली पानं वेचली, वाळू पसरली, तळव्यानं सारखी केली. थोडा वेळ बसली. मग टोपली झटकली आणि उद्याच्या जेवणासाठी तारोची पानं तोडत घराकडे निघाली.