चार बोटांचा खुनी

माणूस तीस वर्षं खून करत राहिला तर किस्से साठणारच! माझे खून अर्थात कागदावरचे. एस.टी. स्टँडवर मिळणाऱ्या, मुखपृष्ठावर पिस्तूल असलेल्या कादंबऱ्या मी लिहायचो. आता वेबसिरीज लिहितो. मित्र म्हणतात, किस्से सांग. सांगतो, पण बहुतेक किश्श्यांत मान माझीच खाली जाते.

*

पात्रांना नावं सुचायची नाहीत. मग मी घरात आलेल्या लग्नपत्रिका काढायचो. आमच्या कार्ल्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक, व्यवस्थापक आणि समस्त भावकी धरून शंभरेक नावं सहज निघतात! पहिल्या कादंबरीत असंच एक नाव उचललं आणि त्याचा मुडदा पाडला.

ते गृहस्थ पुढच्याच लग्नात पंगतीत शेजारी बसले. म्हणाले, "मारलं ते मारलं, पन पयल्याच पानावर? जरा जगू तरी द्यायचं की राव!"

*

एका कादंबरीत मी भर मे महिन्यात भुशीच्या धरणात प्रेत बुडवलं. भुशीच्याच एका मावशींनी मला भर बाजारात गाठलं. "मे म्हयन्यात तितं म्हस बुडत न्हाई, तुमचा मुडदा कसा बुडला?"

माझा जन्म लोणावळ्याचा! पुढच्या आवृत्तीत प्रेत गुपचूप ऑगस्टमध्ये हलवलं.

*

मग मुंबईहून सिरीजचं बोलावणं आलं. डिरेक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. "सर, डिटेक्टिव्हला बायको नको." मी म्हणालो, "नको." "सर, एंड एकदम डार्क करू." मी म्हणालो, "करू." प्रकाशकाशी स्वल्पविरामावरून भांडणारा मी!

घरी आल्यावर माझी बायको शैला म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलं तर तासभर बोलता. तिथे बरी मिठाची गुळणी धरलीत!"

*

आता आबा. माझ्या वडिलांचे मित्र सोपानआबा जुन्या हायवेवरच्या कार्ला फाट्यावर हातगाडीवर कणसं भाजून विकतात. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी मळणीयंत्रात गेली. मी कॉलेजात असताना वडिलांनी रागाने माझ्या पहिल्या कादंबरीची वही चुलीत घातली होती. ती वही निखाऱ्यातून ओढून काढली ती आबांनी.

सिरीजला खुनी हवा होता. नाव पत्रिकेतलं घेतलं, बाकी आबांना अख्खं उचललं. टोपी, कणसांची गाडी आणि तो चार बोटांचा हात! डिरेक्टर खूश. त्या हाताची पोस्टरं उर्से टोलनाक्यापासून लोणावळ्यापर्यंत लागली.

एका जाहीर मुलाखतीत विचारलं, "सर, हा हात सुचला कुठून?"

मी म्हणालो, "कल्पनाशक्ती!"

शैला पहिल्याच रांगेत होती. येताना ती गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

*

पर्यटक गाड्या थांबवून आबांना म्हणू लागले, "अंकल, हाथ दिखाओ ना, सेल्फी!" आबा डाव्या हाताला फडकं गुंडाळून कणसं भाजायला लागले. हे मला शैलाने सांगितलं. लाज वाटली. आणि तरीही पुढचा महिनाभर मी फाटा टाळून एक्स्प्रेसवेनेच ये-जा केली!

*

शेवटी एका दुपारी गेलो. खुन्यांचे ढीगभर कबुलीजबाब लिहिलेला माणूस मी, पण आधी कणसाचा भाव विचारला. आसपास कुणी नाही असं बघून हळूच म्हणालो, "आबा, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता तुमचा हात वापरला."

आबांनी निखाऱ्यावरचं कणीस फिरवलं. "त्यो तुझा सिरीजमदला म्हातारा गुन्हा कबूल करतो का रं?"

"हो. शेवटच्या भागात."

"कुनाफुडं?"

"सगळ्या गावापुढे."

"व्हय?" आबांनी हाताचं फडकं सोडलं आणि त्यानेच समोरचं बाकडं पुसलं. "मग बस हितं. पाचची यष्टी आली की समदं गाव हितंच उतरतंय."