आबांची काडेपेटी

शाळेत नोकरी लागली तेव्हा मी ज्या घरात बाहेरची खोली भाड्याने घेतली, त्या घरामागे पेरू-लिंबांची बाग होती. घरमालकांना सगळे आबा म्हणत. घरात आबा आणि त्यांची सून, एवढी दोनच माणसं. मुलगा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. आबांच्या पत्नी मी राहायला येण्याच्या थोडं आधी वारल्या होत्या.

छाटणी झाली की बागेत फांद्यांचे ढीग पडायचे. ते जाळायचं काम आबांचं, आणि त्यात ते कुणाला बोटही लावू देत नसत. मी पुढे तीस वर्षं मुलांना वह्या नीट ठेवायला सांगत आलो, पण नीटनेटकेपणा म्हणजे काय ते मी आबांच्या जाळाजवळ पाहिलं. आधी जिथे जाळायचं त्या जागेभोवती दोन हात रुंद गवत खरवडून नुसती माती उघडी करायची. पाण्याची पिंपं भरायची, त्यात गोणपाटं भिजत घालायची. शेजाऱ्याला कुंपणावरून हाक मारून सांगायचं. मग चिमूटभर राख हवेत सोडून वारा बघायचा. वारा मनासारखा नसला, तर सगळी तयारी तशीच ठेवून घरी यायचं.

पेटवायच्या दिवशी सकाळी ते सगळा ढीग उपसून शेजारी नव्याने रचत. मी एकदा विचारलं, "आबा, हा दुप्पट व्याप कशाला?"

"मास्तर, आत कुणी बिऱ्हाड केलं असेल तर त्याला नोटीस नको का द्यायला?"

तेवढ्यात आतून एक बेडूक निघाला आणि त्याच्यामागे दुसरा. आबा बाजूला सरकले. "या, या. सावकाश जा जोडीनं."

रॉकेल ओतणाऱ्याला ते आळशी म्हणत. एका ढिगाला एक काडी, हा त्यांचा नियम होता. पेटल्यावर थोडं थोडं घालत राहायचं, विझल्यावर पाणी मारून राख उलथायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राखेला हाताची मागची बाजू लावून बघायची. तळहात का नाही, तर म्हणे, "तो काम करून निबर झालाय, त्याला काही कळत नाही. मागची बाजू अजून लहान लेकरासारखी आहे."

मी तिथे राहिलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आबांना लांबलेला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. हे सूनबाईंच्या लक्षात आलं ते दुधामुळे.

"मामंजी! दुधाचा कोळसा झाला आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचताय?"

"मला वाटलं तुझा स्वयंपाक चाललाय."

मी हसलो. सूनबाई हसल्या नाहीत. आबा जाळ डोळ्यांपेक्षा नाकाने राखत, हे त्यांना ठाऊक होतं. बागेच्या टोकाला कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या गवताच्या गंज्या. त्याच्या गुरांची वर्षाची वैरण तिथे रचलेली असायची.

मुलगा आला तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं, "यंदापासून जाळणं बंद. यंत्रवाल्याला बोलावू, तो भुगा करून देईल."  आबा ताटावरून अर्ध्या भाकरीवर उठले. शेवटी सूनबाईच मध्ये पडल्या. "एवढं वर्ष करू दे त्यांना. पण मामंजी, काही चुकलं तर काडेपेटी माझ्याकडे. कायमची."

"कबूल," आबा म्हणाले.

तीन ढीग अगदी नियमात जळले. चौथा कुंपणाजवळ होता. तिथे एक मोकळी, साफ जागा होती, गवताचं पातंही नव्हतं. आबांना ती पसंत पडली, त्यांनी ढीग तिथेच रचला. मातीचा पट्टा, पिंपं, राखेची चिमूट, एक काडी, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राखेला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गार. सांगा तुमच्या सूनबाईंना." जिंकल्यावर ती माझी सूनबाई झाली होती.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मागच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. सूनबाईंनी कप अर्ध्यातच खाली ठेवला.

"वास येतोय."

आबांनी मान वर करून दोनदा श्वास ओढला. मग ते माझ्या तोंडाकडे बघू लागले. तसं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वास मलाही येत होता.

राख गारच होती. पण तिथून सात-आठ पावलांवर, मातीच्या पट्ट्याच्या पलीकडे, कुंपणाच्या अगदी बुडाशी जमिनीतून दोऱ्याएवढा धूर निघत होता. आबा गुडघ्यांवर बसले आणि कुदळ यायची वाट न बघता हातांनीच माती उकरू लागले. खाली मनगटाएवढं जाड मूळ होतं, आतून लाल. मी कुंपणालगत चर खणला, मूळ तोडलं. सूनबाई विहिरीपासून बादल्या आणत होत्या. किती आणल्या कोण जाणे. चिखल झाला, वाफ निघायची थांबली, तेव्हा कुठे आम्ही बसलो. गंजी तिथून चार हातांवर होती.

"ढीग पेटवला तिथं तुती होती," आबा म्हणाले. "हिच्या सासूनं लावलेली. ती गेली त्याच वर्षी वादळात पडली. बुंधा डोळ्यांसमोर नको म्हणून मीच वर माती ओढली. इतकी ओढली की मलाच दिसेना."

 सूनबाईंनी पैजेचा शब्दही काढला नाही. आबांनी घरी येऊन हात धुतले, बोटं भाजली होती त्यांवर सूनबाईंनी तेल लावून दिलं, आणि मग आबांनी खिशातून काडेपेटी काढून ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवली.

"राहू द्या हो, मामंजी."

"नको. नाक तुझं, काडी तुझी."

पुढच्या छाटणीनंतर पहिला ढीग सूनबाईंनी पेटवायला घेतला. आबा उलट्या घातलेल्या बादलीवर बसले होते. वारा बघणं आणि दुसऱ्या दिवशीचा हात, एवढं त्यांच्याकडे राहिलं होतं. पण काडी ओढायच्या आधी सूनबाईंनी घरातून पहार आणली आणि त्या ढिगाभोवतीची जमीन ठोकून बघू लागल्या.

"अगं, तिथं कधी झाड नव्हतं."

"मला काय माहीत, तुम्ही आणखी काय काय पुरून ठेवलंय ते!"

 आबा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग एवढे हसले की बादली कलंडली. त्या तापानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"ये इकडे," ते उठून म्हणाले. "पहार घे. इथं लिंबोणी होती. तुझ्या नवऱ्यानं झोका बांधून मोडली. आणि तिकडे एक अंजीर होतं. त्याला फळ कधी धरलं नाही, पण तुझ्या सासूनं तोडू दिलं नाही."

असे ते सूनबाईंना बागभर फिरवत राहिले, नसलेली झाडं दाखवत. मी पिंपाशेजारी उभा राहून ऐकत होतो. मधेच सूनबाई थांबून विचारायच्या, "मग पुढे?" आणि आबा सांगायचे.

तोवर वारा फिरला. त्या दिवशी ढीग पेटलाच नाही.