देवीला बोललेले मासे

तुर्भ्याच्या मागच्या डोंगरात माझं अर्धं आयुष्य सुरुंग लावण्यात गेलं. नाव हौसेराव, मूळ गाव साताऱ्याकडे माणात, आणि अंगात गुण म्हणाल तर एकच, आवाज. खाणीत दगड फुटायच्या आधी माझा आवाज फुटायचा. मी 'हटा, हटा' अशी आरोळी ठोकली की खडी फोडणाऱ्या बायका, ट्रकवाले, कुत्री, सगळी आडोशाला पळायची. वात पेटवण्याआधी मात्र एक रिवाज होता. कड्याच्या पायथ्याशी शेंदूर फासलेली खाणीची आई आहे. तिच्यापुढे उभं राहून सुरुंगवाल्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, आई, कुणाला इजा होऊ देऊ नको, तुला नारळ देतो. दगड मालकाचा, नारळ मालकाचा, शब्द तेवढा माझा. त्यामुळे माझा हात फार सढळ. एकदा तर मी देवीला चांदीचे डोळे कबूल करून बसलो. ते ऐकून मालकाने असे डोळे वटारले, की चांदीचा विषय तिथेच मिटला.

पुढे खाणी बंद झाल्या. डोंगर वाचला आणि आम्ही उघड्यावर पडलो. मी उलव्याला एका सोसायटीत वॉचमन झालो. गाडी मागे घेताना साहेबांना सावध करावं म्हणून मी खाणीतल्या सवयीने आरोळी दिली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या हातातला चहाचा कप खाली पार्किंगमध्ये आला. सोसायटीने मला हात जोडले. मग द्रोणागिरीला गोदामात लागलो. जन्मभर फोडण्याचा पगार घेतलेल्या माणसाच्या हातात त्यांनी 'सांभाळून ठेवा' असं लिहिलेले खोके दिले. यात चूक कुणाची, हे तुम्हीच ठरवा.

मी घरी बसून जगाला नावं ठेवत होतो, तेव्हा माझी बायको जयमाला हातपाय हलवत होती. बंद खाणीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून मोठं तळं झालं होतं. एका संस्थेच्या श्रुती मॅडम आल्या आणि म्हणाल्या, यात मासे पाळा. खाणीवरच्या कुटुंबांचा गट झाला, तळं रीतसर कराराने मिळालं, रोहू-कटल्याचं बी पाण्यात सुटलं. आम्ही माणदेशची माणसं. टँकरने येतं तेवढंच पाणी आमच्या ओळखीचं. मासा हसतो की रडतो, तेही आम्हाला कळेना. मला मात्र मॅडमचा 'शाश्वत उपजीविका' हा शब्द भलताच आवडला. मी तो चहाच्या टपरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. तळ्यावर कोंडा आणि पेंड टाकायला जयमाला जायची.

ती 'आपले मासे' म्हणायची. आमच्या घरात 'आपलं' हा शब्द तोवर फक्त दुखण्याला लागला होता. खोली भाड्याची, दगड मालकाचा, घमेलीसुद्धा ठेकेदाराची. म्हणून ती 'आपले' म्हणाली की मला बरं वाटायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

एका ढगाळ सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले. मॅडमनी फोनवर सांगितलं, पाण्यातली हवा संपलीय, पाणी घुसळा. जयमाला लुगड्याचा ओचा खोचून पाण्यात शिरली, तिच्यामागे बाकीच्या बायका. घमेल्यांनी पाणी उडवून, बडवून त्यांनी तळं ढवळून काढलं. मी काय केलं? मी देवीकडे धावलो आणि डोंगर दणाणेल अशा आवाजात बोललो, "आई, एवढे मासे वाचव, हे सगळे तुझेच!"

मासे वाचले. बायका दमून काठावर आडव्या झाल्या, आणि मी मिशीवर ताव देत घरोघर सांगत सुटलो की नवस पावला.

पहिली काढणी ठरली. जाळी आली, व्यापाऱ्याचा टेम्पो रस्त्यावर उभा राहिला, आणि वस्तीतली सगळ्यात म्हातारी गोजरा आत्या काठी टेकत तळ्याच्या वाटेत आडवी झाली.

"जाळं टाकू नगा. मासं देवीचं हायती. ह्यानं समद्यांच्या वतीनं बोललंय, म्या माझ्या कानानं ऐकलं."

ऐकलं नसतं तरच नवल होतं. वस्तीत कुणाचीही छाती होईना. सुरुंगवाल्याचा शब्द सगळ्यांना बांधतो, हा आमचाच रिवाज. श्रुती मॅडम "अहो, पण करार आहे ना" म्हणत राहिल्या. टेम्पोवाला हॉर्न देऊ लागला. पोटापुरतं काहीतरी पहिल्यांदा आमचं झालं होतं, आणि मी एका दमात त्याला नवी मालकीण आणून बसवली होती. कुणी मला शिवी दिली असती तर सोसलं असतं. कुणी दिली नाही, सगळे फक्त पायाशी बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा जयमाला पुढे आली. माझ्याकडे न बघता ती आत्याला म्हणाली, "आत्या, खाणीत नवस मालकाच्या जिवावर बोलायचा. हितं मालक आमी हाय. ह्यांनी माझं मासं देवीला दिलं, ते मला इचारून दिलं का? नवस आपल्या वस्तूचा बोलत्यात. ह्यांचा वाटा हाय, तेवढा द्या देवीला."

मॅडमच्या हट्टाने नवरा-बायकोचे वाटे वेगळे लिहिले होते. आत्याने काठी वाटेतून बाजूला घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हौशा, तुजा वाटा गेला. कबूल?"

नेमक्या त्या घडीला माझा आवाज कुठे गेला, कोण जाणे. मी मान हलवली.

जाळी पडली. टेम्पो भरून गेला. माझ्या वाट्याचे मासे बाजूला काढले, देवीपुढे ठेवले आणि संध्याकाळी त्यांचंच कालवण करून सगळ्या वस्तीला जेवण घातलं. खरं सांगतो, वाढताना जीव तुटत होता. एकेक तुकडा ताटात पडला की वाटायचं, हा माझा होता. इतकी वर्षं देवीला देत आलो, पण देताना कधी काही दुखलं नव्हतं.

गोजरा आत्याने बोटं चाटली आणि म्हणाली, "हौशा, आज पयल्यांदा तुजं खाल्लं बग."

मला रडू आवरेना. जयमालाने माझ्या ताटात कालवण वाढलं आणि हळूच म्हणाली, "जेवा आता. पुढच्या खेपंला तुमचा वाटा हायच की."