मोरीतून आलेलं पाणी

माझे बाबा नागपुरात बसून मराठा आरमारावर कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या लिखाणात पाणी नेहमी गर्जत जहाजात शिरायचं.

आमचं घर नाल्याकाठी. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मी उठले, तर मोरीतून काळं पाणी गुपचूप वर येत होतं. मी बाबांना उठवलं. ते पलंगावरून उतरले आणि घोटाभर पाण्यात तसेच उभे राहिले.

"काहून थांबले, बाबा? वर चला!"

"आवाजच नाही येऊन राहिला वं," ते हळूच म्हणाले. "मी सारं चुकीचं लिहिलं."

शेजाऱ्यांचा जिना गाठेपर्यंत पाणी कमरेला लागलं. आम्ही वाचलो. अर्धी झालेली कादंबरी गेली.

आता आभाळ भरून आलं की बाबा लिहिणं थांबवतात आणि मोरीपाशी जाऊन कान देतात. मी हाक मारली तरी हलत नाहीत.