गणिताची अट

हे मी ज्योतीलाही सांगितलेलं नाही. ज्योती माझी बायको. मस्कतमध्ये आम्ही एकेक भांडं जमवत संसार उभा केला, आणि तिच्यापासून लपवलेलं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. हे एवढंच. सांगायचं मनात आणलं की तोंडाला कोरड पडते. मग मी उठतो, पाणी पितो, टीव्ही लावतो. आज उठायचं नाही असं ठरवलंय – बघू कितपत जमतं ते.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं.

मी इंजिनियर आहे. मस्कतबाहेर बरका गावाजवळ समुद्राचं पाणी गोडं करणारा एक प्लांट आहे, तिथे. आणि मी भित्रा आहे. दिसत नाही तसा. चारचौघांत बरा बोलतो, शुक्रवारच्या बुद्धवंदनेनंतर कुणाचं काही अडलं तर लोक माझ्याकडे येतात. पण आत कायम एक धाकधूक. इथे ती सगळ्यांनाच असते, नाही का? व्हिसा कंपनीच्या हातात, घर पगाराच्या जिवावर आणि पोरांची शाळा त्या घराच्या. एक काही हललं की बॅगा भरायच्या. अरबाब, म्हणजे इथला मालक, एखाद्या सकाळी केबिनमध्ये बोलावतो आणि गोड आवाजात म्हणतो, खलास. असं झालेली माणसं मी पाहिलीत.

पण त्या दिवशीची भीती ती नव्हती. ती यापेक्षा वाईट होती.

आमच्या वस्तीतली भारतीय शाळा पालकांच्या फीवर चालते. कुठल्याच सरकारचा पैसा तिला मिळत नाही. कारभार बघायला पालकांमधूनच निवडलेली कमिटी असते. एका वर्षी मी तिच्या निवडणुकीला उभा राहिलो. खरं तर उभं केलं ते अनिलने.

अनिल माझा मित्र, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. बायको सुजाता, आणि एकच मुलगी – संघमित्रा. सगळे तिला मित्रा म्हणायचे. माझा राहुल आणि ती एकाच वर्गात. अनिल मला म्हणाला, "आपल्यातलं कुणीतरी पाहिजे रे आत. नाहीतर काय ठरतं तेच कळत नाही." मतदानाच्या दिवशी तो आपली गाडी घेऊन भर उन्हात फिरला, ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना शाळेत आणून सोडत होता. मी निवडून आलो. संध्याकाळी त्याने इमारतीत सगळ्यांना जिलेबी वाटली.

मी एक पत्रक काढलं होतं. त्यात लिहिलं होतं की शाळेतलं प्रत्येक मूल आपलं मूल. ते वाक्य मीच लिहिलं होतं, आणि मला ते खरंच वाटत होतं – निदान तेव्हा.

राहुल आणि मित्रा तेव्हा नववीत होते. संध्याकाळी मी घरी आलो की दोघांना गणित शिकवायचो. मित्रा वही घेऊन खाली यायची, ज्योती दोघांना दूध द्यायची. मित्राची भाषा सुरेख होती. इतिहास, भूगोल तिला एकदा वाचून यायचं. गणित मात्र – कसं सांगू? समीकरण मांडेपर्यंत ठीक, मग एका ओळीवर यायची आणि थांबायची. पेन्सिल कागदावर टेकलेली, हात हलत नाही. मी म्हणायचो, "घाबरू नकोस, पुढे जा." ती म्हणायची, "काका, आय नो दिस, पण आत्ता येत नाहीये." तिचं नेमकं कुठे अडतं ते शाळेतल्या बाईंपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं.

राहुलचं उलट. बाकी सगळ्यात यथातथा, पण गणित मी त्याच्याकडून घोटून घेतलेलं.

नववीची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आधी शनिवारी सकाळी कमिटीची बैठक बोलावली. सुट्टीचा दिवस, शाळा रिकामी. एसीचा घरघराट, टेबलावर सामोसे आणि इकडच्या घट्ट दुधाच्या करक चहाचा थर्मास. प्रिन्सिपल बोलायला उभे राहिले तेव्हाही मला काही कल्पना नव्हती.

विषय होता दहावीच्या बोर्डाचा निकाल. जवळपास दोन नव्या खाजगी शाळा निघाल्या होत्या. आमचा निकाल घसरला तर पालक मुलं काढून नेतील, मुलं गेली की फी गेली आणि फी गेली की शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे? चेअरमन हे सगळं शांतपणे सांगत होते. मग म्हणाले, जी मुलं दहावीत निकाल खाली ओढतील त्यांना नववीतच थांबवू. पालकांना सांगू की नववी पुन्हा करा, नाहीतर दाखला घ्या आणि इंडियात शिकवा. बहुतेक जण दाखलाच घेतात.

मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. मलाही कळत होतं. मी घसा खाकरला होता. खरंच सांगतो, पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात प्रिन्सिपल नावं वाचू लागले. काठावरच्या मुलांची. तिसरं की चौथं नाव राहुलचं होतं.

ते वाचून प्रिन्सिपल थांबले. सगळे चहाच्या कपांकडे बघायला लागले. चेअरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये नाम बाद में देखेंगे." ओरडले असते, काही टोचून बोलले असते तर मी कदाचित उसळलो असतो. पण ते इतक्या सभ्यपणे बोलले की मला उसळताच आलं नाही. बाद में म्हणजे काय? डोळ्यांसमोर राहुल दिसत होता – मुंबईच्या विमानात, खिडकीकडे तोंड करून. कुणाकडे ठेवणार त्याला? माझी आई थकलेली, ज्योतीच्या माहेरी जागा नाही. त्याला मराठी धड वाचता येत नाही. आणि इमारतीत, वंदनेला लोक काय म्हणतील – कमिटीवाल्याचाच मुलगा नापास?

पुढच्या नावांत मित्राचं होतं. एकूण गुणांत ती राहुलच्या वर होती. वर होती हो. फार नाही, पण वर.

सगळ्यांना थांबवायचं तर दहावीचा वर्ग ओस पडेल, म्हणून काहींना वर घ्यायचं ठरलं. कुणाला, हा प्रश्न होता. उद्या कुणी बोट दाखवायला नको असा काहीतरी नियम पाहिजे, असं चेअरमन म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "आप तो इंजिनियर हो. आप बताइए."

मी सांगितलं.

मी म्हणालो, एकूण गुण बघू नका, गणिताचे बघा. दहावीत मुलं गणितातच आपटतात. जो गणितात तरला तो बोर्डात तरेल. माझा आवाज स्थिर होता, मलाच नवल वाटलं. प्लांटमध्ये एखादा व्हॉल्व्ह का बदलायचा ते समजावून सांगतो, तसा मी बोलत होतो. प्रिन्सिपलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. चेअरमन म्हणाले, "बिलकुल सायंटिफिक."

तेव्हा मित्रा माझ्या डोळ्यांसमोर नव्हती असं मी म्हणू शकेन का? नाही. होती. तिची कागदावर टेकलेली पेन्सिल मला दिसत होती. राहुल ज्यातून सुटेल अशी एकच फट मला माहीत होती, आणि त्या फटीतून मित्रा जाणार नाही हेही माहीत होतं. दोन्ही एकदमच सुचलं. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय – आधी-नंतर काही नव्हतं.

कमिटीत सूझन मॅडम होत्या, एका दवाखान्यात नर्स. त्या म्हणाल्या, हे चुकीचं आहे, ही मुलं आपली जबाबदारी आहेत. विरोधात एकट्या त्यांचा हात वर गेला. माझा बाजूने गेला. अट मंजूर झाली. राहुल दहावीत गेला. मित्रा आणि आणखी काही मुलं राहिली.

चार दिवसांनी अनिलच्या घरी गेलो. जाणं भागच होतं, एकाच जिन्यात राहत होतो. सुजातावहिनींचे डोळे सुजलेले. अनिल सोफ्याच्या कडेवर बसला होता. त्याने विचारलंसुद्धा नाही. मीच म्हणालो, "खूप भांडलो रे. ऐकलं नाही कुणी. एकटा पडलो."

कुणी मागितलं नव्हतं हे खोटं. घरात शिरेपर्यंत माझ्या मनातही नव्हतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि भीती वाटली की तो आत्ता विचारेल – आणि तोंडातून ते निघून गेलं. सूझन मॅडमचं धैर्य मी उचललं आणि स्वतःच्या नावावर सांगितलं. अनिलने माझा हात दोन्ही हातांत धरला. वहिनी उठून चहा टाकायला गेल्या.

मित्रा आतल्या खोलीत पुस्तकं आवरत होती. दारात येऊन म्हणाली, "काका, मॅथ्समध्ये अजून किती पाहिजे होते?"

मी म्हणालो, "थोडे." मग चहा न घेताच निघालो.

जूनच्या आत वहिनी तिला घेऊन बदलापूरला बहिणीकडे गेल्या. अनिलने फ्लॅट सोडला आणि मस्कतच्याच हमरिया भागात तीन जणांबरोबर एका खोलीत राहू लागला. तिकडे मित्राला मराठी वाचायला जड जायचं, वर्गात पोरं हसायची. एक वर्ष वाया गेलं, मग आणखी एक. हे सगळं अनिल मला सांगायचा. मलाच सांगायचा – मी भांडलो होतो ना तिच्यासाठी.

आणि मी भीत राहिलो. सूझन मॅडम सुपरमार्केटमध्ये दिसल्या की मी दुसऱ्या रांगेत वळायचो. त्या आणि अनिल कधी समोरासमोर आले तर? फोनवर अनिलचं नाव उमटलं की वाटायचं, कळलं. पुढे मॅडम नोकरी सोडून कायमच्या केरळला गेल्या. ती बातमी ऐकून मला बरं वाटलं. एक चांगली बाई गाव सोडून गेली आणि मला त्या आठवड्यात शांत झोप लागली.

राहुलने एकदाच विचारलं होतं, तेव्हाच, दहावी सुरू झाल्यावर. "पप्पा, मित्राचं टोटल माझ्यापेक्षा जास्त होतं. मग ती का गेली?" मी म्हणालो, "तिचं गणित कमी पडलं." त्याने वही मिटली. त्यानंतर त्याने माझ्याकडून गणित शिकून घेतलं नाही. आता तो पुण्यात नोकरी करतो. दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो. त्याला काय कळलंय ते मी विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

ती अट अजून आहे. मी कमिटीतून केव्हाच बाहेर पडलो, चेअरमन बदलले, प्रिन्सिपल बदलले. पण दर मार्चमध्ये कुणीतरी गणिताचे गुण बघतं आणि काही घरांत बॅगा भरल्या जातात. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. मी त्या रस्त्याने गाडी नेत नाही.

या हिवाळ्यात मित्रा आली, व्हिजिट व्हिसावर, बापाला भेटायला. बदलापूरला एका लॅबमध्ये रिसेप्शनवर काम करते. उंच झाली आहे, बोलते कमी. शुक्रवारी वंदनेनंतर जेवणाची पंगत बसत होती, तेव्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिचं मराठी स्वच्छ आहे.

"काका, बाबा नेहमी सांगतात. सगळ्यांत तुम्ही एकटे बोललात माझ्यासाठी."

मी म्हणालो, "अगं, त्यात काय."

"एक विचारू? ती गणिताची अट कुणी आणली होती?"

ती रागाने विचारत नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. आजूबाजूला ताटं मांडण्याचा आवाज, ज्योती पलीकडे भात वाढत होती. मला सांगता आलं असतं. नाव फक्त माझंच घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "आठवत नाही गं आता."

अनिल शेजारीच उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलीला म्हणाला, "काकांना नको विचारूस ते. त्यांना फार लागलं होतं तेव्हा."

मी मान हलवली आणि जेवायला बसलो.